साप उगाच का मेला?

सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्सच्या ओरलमध्ये एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "क्यू कुठे वापरतात?" मी बिनधास्त सांगितलं, "सर, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर." सर हसले. निकालाच्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही, थिअरीतही तोच विषय राहिला होता. घरी फोनवर "एक राहिलाय" एवढंच बोललो. बाबांनी कुठला ते विचारलंही नाही, त्याचंच जास्त लागलं.

सुट्टीत एटीकेटीचा अभ्यास करायला म्हणून होस्टेलवर थांबलो आणि (खरं सांगतो) गेम्स करायला शिकलो. अल स्वायगार्ट यांची पायथॉनमध्ये गेम्स शिकवणारी पुस्तकं नेटवर फुकट वाचता येतात. पद्धत जुनीच. डेव्हिड आल यांचं '१०१ बेसिक कॉम्प्युटर गेम्स' १९७३ साली निघालं, तेव्हाही लोक छापील प्रोग्रॅम बघून ओळ न् ओळ टाइप करायचे.

मीही चार दिवस तेच केलं. टाइप करा, रन करा, चाललं की चहाला जा. पाचव्या दिवशी पुस्तक मिटून पहिलाच गेम लिहायला बसलो, तर तिसऱ्या ओळीवर गाडी अडली. बोटांना व्यायाम झाला होता, डोक्याला नाही. जर्नल उतरवून काढताना होतो तसाच!

मग ठरवलं, प्रत्येक गेममध्ये स्वतःचं काहीतरी बदलायचंच. आकडा ओळखायच्या गेममध्ये पुस्तकात १ ते २० आकडे आणि सहा संधी आहेत. मी १०० पर्यंत नेले. आता संधी किती द्यायच्या? दर वेळी मधला आकडा विचारला की उरलेले आकडे निम्मे होतात. दोनाचा सातवा घात १२८, म्हणजे सात संधी पुरतात. हे तर बायनरी सर्च! पेपरात मी ते पाठ करून लिहिलं होतं.

खरी मजा सापाच्या गेममध्ये आली. खिडकी ६४० बाय ४८० पिक्सेलची, चौकोन २० पिक्सेलचा, म्हणजे ३२ उभ्या आणि २४ आडव्या ओळी. मला वाटायचं, साप पुढे न्यायला त्याचा प्रत्येक चौकोन सरकवावा लागणार. तसं काही नाही. पुढे एक नवीन डोकं जोडायचं, मागून शेपटीचा एक चौकोन काढायचा. खाऊ खाल्ला तर त्या वेळी शेपटी काढायची नाही, झाला साप मोठा! हे कळलं तेव्हा मी रात्री दोन वाजता रूममेटला उठवलं.

तो मेकॅनिकलचा. डोळे चोळत खेळला आणि म्हणाला, "अरे, साप उगाच मेला." मी म्हटलं, "तुला खेळता येत नाही." त्याने लागोपाठ तीनदा मारून दाखवला.

दोन रात्री गेल्या त्यात. साप उजवीकडे जात असताना डावीकडचं बटण दाबलं तर ते धरायचं नाही, नाहीतर तो स्वतःच्याच अंगात शिरेल, एवढी काळजी मी घेतली होती. पण हा गडी 'वर' आणि 'डावीकडे' इतक्या झटपट दाबायचा की दोन्ही एकाच फेरीत यायची. पहिल्या बटणाने दिशा 'वर' झाली. आता डावीकडे वळायला प्रोग्रॅमची हरकत नाही. प्रत्यक्षात साप अजून एक चौकोनही वर गेलेला नसायचा. तो थेट मागे वळायचा आणि खलास.

उपाय काय, तर बटणं आली तशी रांगेत उभी करायची, प्रत्येक फेरीत पुढचं एकच काढायचं आणि ते साप शेवटचा ज्या दिशेने खरोखर सरकला तिच्याशी ताडून बघायचं. जो आधी आला तो आधी सुटणार. रांग! मी कीबोर्डवरून हात काढून बराच वेळ नुसता बसून राहिलो. तिकीट खिडकी आठवली, एक्स्टर्नल सरही आठवले. आणि शेपटी? जो चौकोन सर्वांत आधी जोडला तोच सर्वांत आधी निघतो. म्हणजे अख्खा सापच क्यू होता की!

एक खोट अजून आहे. खाऊ कधीकधी सापाच्या अंगाखालीच पडतो आणि दिसत नाही. रूममेटचा स्कोअर ४१ आहे, माझा २९. तो म्हणतो, आधी ते दुरुस्त कर, मग पेपरला बस. पेपर सोमवारी आहे.