दौलताबादच्या घाटात उकळणारी पद्मिनी

प्रश्न : वडिलांची १९७८ सालची प्रीमिअर पद्मिनी दौलताबादच्या घाटात उकळते. थर्मोस्टॅट काढून टाकावा काय?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काढू नये, थर्मोस्टॅट हा बहुधा नाहक आरोपी ठरतो आणि मूळ कसूर कायम राहते. आपल्याकडील बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने वर्षानुवर्षे रेडिएटरच्या नळ्यांत जो पांढरा थर धरतो, त्यावर माझा प्रथम संशय असतो. सपाट रस्त्यावर वेगातही काटा चढत असल्यास रेडिएटर उतरवून साफ करवावा. केवळ संथ चढणीवर चढत असल्यास फॅनबेल्ट व इग्निशनचे टायमिंग पाहावे. नंतर डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंट भरावे. इंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. थंड इंजिन सुरू करताच उघड्या रेडिएटरात सतत बुडबुडे दिसल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि तूर्त गाडी घाटात नेऊ नये.