पाळणाघरात जाणारे मूल आणि घरची पूर्वतयारी

मूल प्रथमच अंगणवाडीत किंवा पाळणाघरात जाणार म्हटले की नवे कपडे, पाण्याची बाटली व डबा यांची जुळवाजुळव घरोघर होते. मुलाच्या आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाची तयारी मात्र बहुधा राहून जाते.

अंगणवाडीची कल्पना मराठी मुलखात ताराबाई मोडक यांच्या कार्यातून रुजली. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करीत असता १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ पासून त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षण आरंभिले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यामागील विचार होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली आणि मातेस दिवसातून ४ वेळा बाळाला भेटण्याची मुभा मिळाली. तथापि कायद्याने सोय झाली, तरी उंबरठ्यावरचे रडे थांबत नाही.

आईपासून दुरावण्याची भीती साधारणतः आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते, एक ते दीड वर्षाच्या दरम्यान तीव्र होते व तिसऱ्या वर्षापर्यंत बरीचशी ओसरते. म्हणून त्या वयातील रडणे हा हट्ट नव्हे किंवा लाडाचा परिणामही नव्हे. ते जिव्हाळ्याचेच लक्षण होय. मूल खेळात रमले असता त्याचा डोळा चुकवून निघून जाण्याची रीत आपल्याकडे फार आहे. तिने त्या दिवसाचे रडे वाचते खरे. परंतु आई केव्हाही नाहीशी होते, ही धास्ती मुलाच्या मनात बसते आणि दुसऱ्या दिवशी ते पदर सोडीतच नाही. निरोप थोडक्यात, पण समक्ष घ्यावा. ‘बारा वाजता येईन’ हे मुलास कळत नाही. ‘जेवण झाले की येईन’ हे कळते. मात्र दिलेला शब्द पाळलाच पाहिजे.

पहिले दोन-तीन दिवस आईने वा आजीने मुलासोबत तासभर तेथे बसावे, नंतर अर्धा तास दूर राहून पाहावे, मग वेळ वाढवीत न्यावी. मजुरीवर जाणाऱ्या मातेस इतकी सवड कोठून मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. अशा वेळी कामावर जाण्याच्या आठ-दहा दिवस आधीच सायंकाळी तेथवर फेरी मारून सेविकेची ओळख करून देता येते. ‘त्रास दिलास तर बाईंकडे देईन’ असा धाक घरात कोणीही घालू नये.

आजीचा प्रश्न नाजूक असतो. नातवंड परक्याकडे ठेवले म्हणजे आपली उणीव काढली, असे तिला वाटू शकते. मुलाच्या झोपण्या-खाण्याच्या सवयी सेविकेला सांगण्याचे काम तिलाच द्यावे. ती माहिती तिच्याइतकी नेमकी दुसऱ्या कोणाजवळ क्वचितच असते.

सीमाभागात व परप्रांतातील मराठी घरांत भाषेचीही अडचण येते. घरी ‘पाणी’ म्हणणाऱ्या मुलास कोकणीत ‘उदक’, कन्नडमध्ये ‘नीरु’, तेलुगूत ‘नीळ्ळु’ असे ऐकू येते. तहान, भूक व शी-शू यांसाठी मूल घरी वापरते ते शब्द सेविकेला पहिल्याच दिवशी लिहून द्यावेत, आणि तेथील चार शब्द घरीही उच्चारावेत. मुले नवी भाषा लवकर उचलतात; तोवर मात्र कपडे ओले झाल्याची लाज मुलास सोसावी लागू नये. त्यासाठी रागे भरणे तर सर्वथा गैर.

आरंभीच्या महिन्यांत सर्दी-खोकला वारंवार होतो, हे घरातील सर्वांनी गृहीत धरावे. लसीकरणाचे कार्ड पाहून राहिलेले डोस आधीच पूर्ण करावेत. ताप असता मुलास पाठवू नये. त्या दिवशी घरी कोण थांबणार, हे नवरा-बायकोने अगोदरच ठरवावे. मुलास नेण्यास कोण येईल, हेही सेविकेस स्पष्ट सांगून ठेवावे.

चतुर्थी वा दिवाळीच्या सुट्टीनंतर रुळलेले मूलही पुन्हा रडू लागते. अशा वेळी वेळापत्रक बदलू नये. दोन-चार दिवसांत ते बहुधा पूर्ववत होते.