बकासुराचा गाडा

डोंबिवलीच्या आमच्या घरी ऑस्कर मासा आला तेव्हा तो माझ्या अंगठ्याएवढा होता. दहा महिन्यांत वीतभर झाला. चार फुटी टाकीसमोर कुणी उभं राहिलं की काचेला तोंड लावून सगळं अंग हलवायचा. आईनं त्याचं नाव ठेवलं बकासुर. नाव गमतीचं होतं, पण गाडाभर अन्न पोचवायचं काम आम्ही चौघांनी मनापासून केलं. महाभारतातला बकासुर भीमाच्या हातून मेला. आमचा अन्नानंच मेला, आणि गाडा हाकणारा मी होतो.

सकाळी ऑफिसला निघताना मी दाणे टाकायचो. दुपारी आई, "बिचारा कधीचा बघतोय" म्हणत पुन्हा टाकायची. शाळेतून आल्यावर मुलाचा मान, रात्री जेवणं झाल्यावर बायकोचा. कुणी कुणाला विचारत नसे. आणि रविवारी खेळ! दुकानातून वीस-पंचवीस 'फीडर' गोल्डफिश आणायचे, पाहुणे आले की एकेक सोडायचा. बकासुर झडप घालायचा, पाहुण्यांची मुलं टाळ्या वाजवायची. "शिकारी मासा आहे शेठ, जिवंत खाल्ल्याशिवाय वाढत नाही," असं दुकानदारानं सांगितलं होतं. मधल्या वारी खाटकाकडून आणलेले कलेजी-दिलाचे तुकडे. मासा झपाट्यानं वाढत होता, पोट गोल झालं होतं, आणि आम्हाला ते बाळसं वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी त्याच्या कपाळावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागले. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबायची. मग एके दिवशी तो काचेवर आपटला, तिरका झाला आणि पाण्यात गिरक्या घेऊ लागला. दुकानदारानं एक निळं औषध दिलं. बायको म्हणाली, "अहो, आधी त्याचं खाणं तरी थांबवा." मी थांबवलं नाही. आजाऱ्याला ताकद हवी, म्हणून उलट कोंबडीचा खिमा वाढवला. आठव्या दिवशी तो तळाशी आडवा पडलेला सापडला. ऑस्कर दहा-बारा वर्षं सहज जगतो. आमचा अडीच वर्षांचा होता.

ओळखीतल्या एका मत्स्यशास्त्र शिकलेल्या मुलीनं त्याचं पोट उघडून दाखवलं. यकृत तांबूस-तपकिरी असायला हवं होतं. ते लोण्यासारखं पिवळट होतं आणि बोटाला तेलकट लागत होतं. आतड्यांभोवती चरबीचे थर होते. "काका, उपाशी ठेवून मारलं असतंत तरी एवढ्या लवकर नसता मेला," ती म्हणाली. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मग मी वाचायला लागलो, जाणत्यांना विचारायला लागलो. एकेक चूक उलगडत गेली.

पहिली चूक गोल्डफिशची. गोल्डफिश कार्पच्या कुळातला. या कुळातल्या अनेक माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं, आणि ते ब-1 जीवनसत्त्वाची नासाडी करतं. हे फार जुनं ज्ञान आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात, फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चा कार्प घालत होते. ते कोल्हे लुळे पडून मेले आणि त्याचं कारण शोधताना हे कोडं सुटलं. शिकारी माशाला महिनोन् महिने हेच खाऊ घातलं की भूक मरते, तोल जातो, झटके येतात. माझ्या बकासुराच्या गिरक्या आठवून पोटात कालवलं. थायमिनेज शिजवल्यानं नष्ट होतं, फ्रीजरमध्ये गोठवल्यानं नाही. त्यातून फीडर म्हणून विकले जाणारे मासे एका टबात शेकड्यांनी कोंबलेले, अर्धमेले असतात. पांढरे ठिपके, अंगात रुतलेले अँकर वर्म, कल्ल्यांतले कृमी असा सगळा ऐवज ते आपल्या टाकीत घेऊन येतात.

दुसरी चूक मटण-कोंबडीची. बकऱ्याची चरबी पातेल्यात गार झाली की थिजते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी 28 अंशांचं, तर मासाही 28 अंशांचा. तिथे ही चरबी घट्टच राहते. ती त्याला नीट वापरता येत नाही आणि यकृतात साठत जाते. ॲमेझॉनच्या पाण्यात ऑस्करला कोण कलेजी आणून देणार? तिथे तो किडे, झिंगे, गोगलगायी आणि जमेल तेव्हा लहान मासे खातो. 'शिकारी' या शब्दानंच मला फसवलं. शिकारी म्हणजे सतत मांस खाणारा असं मी धरून चाललो. रानातल्या शिकाऱ्याचे बरेच बेत फसतात आणि पोट बऱ्याचदा रिकामं असतं, हे लक्षातच आलं नाही.

तिसरी चूक पाण्याची. मासा जितकी प्रथिनं खाईल तितका अमोनिया कल्ल्यांतून बाहेर टाकतो. चार हातांनी घातलेलं अन्न एका फिल्टरवर पडत होतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायचं, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. अशा पाण्यात आणि निकस आहारावर ऑस्करच्या डोक्याला खड्डे पडतात. मारेकरी एक नव्हता, तिघं मिळून होते. आणि तिघांनाही दार मीच उघडलं होतं.

वर्षभर टाकी कोरडी ठेवली. मग पुन्हा ऑस्कर आणला आणि या वेळी वेगळं वागलो. त्याला आता सहा वर्षं होतील. जे जमलं ते सांगतो. अरोवाना, रेडटेल कॅटफिश, पॉलिप्टेरस पाळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

रोजचं जेवण दाण्यांचं. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. पहिलं नाव मासळीच्या किंवा कोलंबीच्या भुकटीचं हवं, गव्हाच्या पिठाचं नको. प्रथिनं साधारण 40 ते 45 टक्के. अरोवाना वरून खातो, त्याला तरंगणारे दाणे द्या. कॅटफिश तळाला खातो, त्याला बुडणारे. स्वस्त पडतो म्हणून पाच किलोचा डबा घेऊ नका. उघडल्यापासून क जीवनसत्त्व कमी होत जातं आणि माशाला ते अन्नातूनच मिळवावं लागतं. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच आणा. आपल्या पावसाळ्यात डब्याला दमट वास आला तर सरळ फेका. त्या बुरशीचं विष यकृतालाच खातं.

आठवड्यातून एक-दोनदा ताजं. मी बाजारात पाव किलो छोटी कोलंबी मागितली तेव्हा मावशीनं विचारलं, "कालवणाला का?" म्हटलं, "नाही, माशाला." ती हसून शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का, यांचा मासा कोलंबी खातो!" कोलंबी स्वच्छ धुवा, डोक्याचा टोकदार काटा काढा. मोठ्या माशाला सालासकट चालते. चिलापीचे बिनकाट्याचे तुकडे उत्तम, कारण चरबी कमी आणि थायमिनेजची धास्ती नाही. माकूळही चालते. सुकट-सोडे नकोत, त्यात मीठ भरपूर. खत-फवारणी नसलेल्या मातीतली गांडुळं ऑस्कर आवडीनं खातो. घरातलं झुरळ मात्र कधीही नाही. त्यानं आधी कुठलं औषध चाटलंय, कोण सांगणार? आणि एकच पदार्थ, कितीही चांगला असला तरी, रोज नको.

किती घालायचं? चार-पाच इंचांच्या पिल्लाला दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दहा इंचांपुढच्या ऑस्करला आठवड्यातून चार-पाच दिवस, एकदाच. मोठ्या कॅटफिशला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. खाल्ल्यावर पोट किंचित भरलेलं दिसावं, फुगलेलं नाही. पंधरा मिनिटांत उरलेलं जाळीनं काढा. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. अमोनियाची चाचणी घरी करता येते आणि उत्तर शून्यच यायला हवं. वीज गेली असेल तर खाणं घालू नका. खाल्ल्यावर माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि फिल्टर, पंप तर बंद असतात. नाशिक-पुण्याकडच्या थंडीत पाणी गार पडलं तर पचन मंदावतं. हीटर लावा, नाहीतर घास कमी करा.

जिवंत माशांची सवय लागलेला अरोवाना दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. माझ्या मित्राच्या अरोवानानं आठ दिवस दाणे थुंकले. मित्र कासावीस झाला, पण धीर धरला. आधी मेलेली कोलंबी दोऱ्याला बांधून हलवली, मग कोलंबीच्या रसात भिजवलेले दाणे तिच्यासोबत टाकले, मग कोलंबी कमी करत नेली. महिन्याभरात जमलं. धष्टपुष्ट मोठा मासा आठ-दहा दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. पिल्लावर किंवा आजारी माशावर मात्र हा हट्ट करू नका.

आणि आणण्याआधीचा विचार. बोटाएवढा रेडटेल कॅटफिश तीन फुटांच्या पुढे जातो, रुपेरी अरोवानाही तीन फुटांपर्यंत. तेवढी टाकी नसेल तर आणूच नका. पोसवत नाही म्हणून तळ्यात सोडणं हा तर गुन्हाच. उजनी धरणाच्या कोळ्यांना विचारा, टाक्यांतून बाहेर पसरलेल्या आणि आता जाळ्यात येणाऱ्या सकरमाशानं त्यांना किती जेरीला आणलंय ते.

सगळ्यात कठीण नियम घरातल्या माणसांसाठी होता. ऑस्कर काचेशी येऊन नाचतो, कारण माणूस दिसलं की अन्न पडतं हे त्यानं शिकलेलं असतं. पोट भरलेलं असलं तरी तो नाचतोच. ती त्याची भूक समजून आपण घालत जातो आणि फिटते आपली हौस. आमच्याकडे आता टाकीशेजारी कालनिर्णय टांगलंय. जो घालेल त्यानं तारखेवर खूण करायची. खूण दिसली की दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

आई आधी फार रागावली होती. मग तिनंच तोडगा काढला. तिचा सोमवार असतो, तोच माशाचाही उपास ठरला. आता दर सोमवारी ती टाकीसमोर बसून साबुदाण्याची खिचडी खाते आणि तो काचेआडून टक लावून बघत राहतो. परवा ती मला म्हणाली, "खरं सांगू? आमच्या दोघांत उपास त्याचाच कडक."