तंबोऱ्याची खरखर : कानशीच्या आधी काय तपासाल, किती खर्च धराल

तंबोऱ्यात खरखर आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "जवारी गेली, कारागिराकडे टाकायला हवा." कधी ते खरं असतं. पण खरखरीची बरीचशी कारणं घरच्या घरी, अर्ध्या तासात आणि जवळजवळ फुकट सापडतात. प्रश्न फक्त पैशांचा नाही. जवारी लावणं म्हणजे घोडीचा माथा कानशीने घासणं. घासून गेलेला भाग परत येत नाही. एक घोडी अशा मोजक्याच घासण्या सोसते. मग ती बदलावी लागते आणि तिच्याबरोबर वाद्याचा ओळखीचा आवाजही बदलतो. म्हणून कानस सगळ्यात शेवटी.

झंकार कोणता, खरखर कोणती

तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी नाजूक उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर सतत टेकत-सुटत राहते, म्हणून स्वर छेडल्यावर विझत न जाता फुलतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंतुवाद्यांवर लिहिताना या घोडीचं वैशिष्ट्य नोंदवलं होतं. एरवी तार जिथे छेडावी, तिथे ज्याचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येत नाही. तंबोऱ्यात मात्र तोही स्पष्ट वाजतो. खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार आपल्याला ऐकू येतो, त्यातही या घोडीचा मोठा वाटा आहे.

हवा असलेला झंकार छेडल्यानंतर क्षणभराने उमलतो, गोल असतो आणि लांबतो. नको असलेली खरखर तार छेडताक्षणीच 'टर्र' करते, कोरडी असते आणि लवकर मरते. कधी ती एकाच पट्टीत येते, तर कधी घोडीऐवजी वाद्याच्या भलत्याच भागातून ऐकू येते. तपासणी सुरू करण्याआधी हा फरक कानाला पटवून घ्या.

घरची तपासणी : या क्रमानेच

१. *खोली आणि अंग.* तंबोरा दुसऱ्या खोलीत नेऊन वाजवा. कपाटाची काच, खिडकीची कडी, भिंतीवरची चौकट असल्या वस्तू ठरावीक स्वराला थरथरतात. वाजवणाऱ्याची बांगडी, घड्याळ, शर्टाचं बटण भोपळ्याला किंवा दांडीला टेकलं तरी हुबेहूब 'जवारी गेल्यासारखा' आवाज येतो.

२. *एकेक तार वेगळी.* तीन तारा हाताने दाबून चौथी छेडा. असं पंचम, जोडाच्या दोन्ही आणि खर्ज, चारही तारांचं करा. खरखर एकाच तारेवर असेल तर दोष त्या तारेत, तिच्या दोऱ्यात, मण्यात किंवा घोडीवरच्या तिच्या खाचेत आहे. चारही तारांवर असेल तर घोडीची बैठक, तबली किंवा सांधा तपासा. सगळ्या तारा एका पट्टीत ठीक आणि दुसऱ्या पट्टीत खरखरत असतील, तर काहीतरी सैल आहे आणि ते त्या स्वराला जागं होतंय. सगळ्यात जास्त माहिती या तपासणीतून मिळते, तिला घाई करू नका.

३. *मणी आणि तारांच्या शेपट्या.* सूर बारीक मिळवण्याचे मणी घोडी आणि लंगोट यांच्यामध्ये असतात. मणी तबलीला किंवा शेजारच्या मण्याला टेकला की वाजतो. खुंटीपाशी उरलेलं तारेचं टोक दांडीला किंवा दुसऱ्या तारेला लागतंय का, तेही पाहा. टोक कापा, मणी सरकवा आणि पुन्हा ऐका.

४. *दोरा.* घोडी आणि तार यांच्यामधला दोरा मळतो, चपटा होतो, तुटतो. जुना काढून नवा सुती दोरा घाला. तार किंचित उचलून धरा आणि दोरा हळूहळू पुढे-मागे सरकवा. एका जागी आवाज एकदम उघडेल, तीच त्याची जागा. पट्टी बदलली की ही जागाही थोडी सरकते.

५. *तारा.* गंजलेली, पिळलेली किंवा घोडीवर टेकून खड्डा पडलेली तार कधीच स्वच्छ बोलत नाही. तारा बदलायच्या असतील तर एका वेळी एकच काढा. बहुतेक तंबोऱ्यांची घोडी तारांच्या दाबावरच जागेवर बसलेली असते, चारही तारा एकदम उतरवल्या तर ती सरकते. काम सुरू करण्याआधी तिच्या पायांभोवती पेन्सिलीने हलकी खूण करून ठेवा.

६. *घोडीची बैठक.* घोडीच्या पायाखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहा. एखाद्या कोपऱ्यात तो सहज आत गेला, तर घोडी तबलीवर नीट बसलेली नाही.

७. *बोटाची टकटक.* तबलीची कड, भोपळा आणि दांडी यांचा सांधा, नक्षीच्या पट्ट्या यांवर बोटाने हलकेच वाजवत जा. जिथे आवाज फुटका येतो, तिथे सरस सुटलेला असतो. आता दुसऱ्या कुणाला तार छेडायला सांगा आणि संशयाच्या जागेवर बोट दाबून धरा. खरखर थांबली तर जागा सापडली. खुंट्या, मेरू आणि तारगहन यांचीही अशीच परीक्षा घ्या.

हे सगळं करूनही एक-दोन तारा दोऱ्याच्या कुठल्याच जागी उघडत नसतील आणि तिरप्या उजेडात घोडीवर खाचा स्पष्ट दिसत असतील, तर जवारीचीच वेळ आली आहे.

खर्च किती धरावा

गाव, कारागिराचा हात आणि वाद्याचा दर्जा यांनुसार दर बदलतात. खालचे आकडे अंदाजपत्रक मांडण्यापुरते, ढोबळ आहेत.

- दोरा बदलणं, मणी सरकवणं, टोकं कापणं : शून्य ते ५० रुपये.
- चार तारांचा संच : २०० ते ६०० रुपये, परदेशी तार घेतली तर जास्त.
- जवारी लावणं : ५०० ते २,००० रुपये.
- नवी घोडी, बसवून आणि जवारी लावून : १,५०० ते ४,००० रुपये.
- तबलीची कड किंवा सांधा पुन्हा चिकटवणं, तडा भरणं : १,००० ते ४,००० रुपये.
- तबली किंवा भोपळा बदलणं : ५,००० रुपयांच्या पुढे. या टप्प्यावर दुरुस्ती आणि नवं वाद्य यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडूनच निर्णय घ्या.

यात ने-आणीचा खर्च वेगळा धरा. नुसती घोडी काढून कुरियरने पाठवून जवारी लागत नाही. ती त्याच वाद्यावर, त्याच तारांखाली, तुमच्या पट्टीत लावावी लागते. म्हणून पूर्ण तंबोरा न्यावा लागतो आणि त्यासाठी चांगल्या पेटीचा किंवा जाड गवसणीचा खर्च येतो. भोपळा प्रवासात फुटला तर वाचवलेले सगळे पैसे तिथेच जातात.

कारागिराकडे जाताना

महाराष्ट्रात तंबोऱ्याचं माहेर मिरज. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या कामाकडे वळले आणि त्यांच्या हातून ही परंपरा उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मिरजेला जा किंवा आपल्या शहरातल्या कारागिराकडे, चार गोष्टी आधी बोलून घ्या.

एक, तुमची पट्टी सांगा. काळी एकला लावलेली जवारी काळी चारला तशीच बोलत नाही, कारण तारेचा ताण आणि जाडी दोन्ही वेगळे असतात. दोन, आवाज किती 'खुला' हवा ते शब्दांत सांगू नका, गाऊन किंवा आवडतं ध्वनिमुद्रण ऐकवून दाखवा. तीन, दोष कुठे सापडला ते सांगा आणि घासण्याआधी दोरा, तारा व बैठक तपासण्याची विनंती करा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. चार, नव्या घोडीवर तारा काही आठवड्यांत आपली जागा करतात आणि पुन्हा थोडा हात फिरवावा लागतो. तो हात याच पैशांत आहे का, हे आधी विचारा.

घोडीच्या साहित्याबद्दल एक स्पष्ट सांगणं. हस्तिदंत किंवा सांबराच्या शिंगाची 'अस्सल' घोडी कुणी देऊ केली तरी घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. हाड, शिसवी किंवा आबनुसी लाकूड, कृत्रिम साहित्य यांच्या उत्तम घोड्या मिळतात. आवाजाचा मोठा हिस्सा साहित्याइतकाच त्यावर फिरलेल्या हाताचा असतो.

हे करू नका

घोडीला स्वतः पॉलिश पेपर लावू नका. तिच्यावर तेल सोडू नका. सुटलेल्या सांध्यात झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. तो आत वाळून बसला की पुढची खरी दुरुस्ती अवघड आणि महाग होते. आणि ऐन पावसाळ्यात आलेल्या खरखरीवर लगेच निकाल देऊ नका. लाकूड आणि भोपळा ओल धरतात, तबली किंचित हलते आणि तारेची उंची बदलते. वाद्य कोरड्या खोलीत काही दिवस ठेवा. तातडीचा कार्यक्रम नसेल तर जवारीचं मोठं काम हवा स्थिरावल्यावर, दसरा-दिवाळीनंतर करून घेणं शहाणपणाचं.

पैसे देण्याआधी

काम झालं की कारागिरासमोर बसून किमान दहा मिनिटं तंबोरा छेडा. आधी एकेक तार, मग चारही. मग डोळे मिटून आपला षड्ज लावा. आवाज तंबोऱ्यात विरघळला, कुठेही काटा टोचला नाही, तर पैसे सार्थकी लागले. शंका असेल तर तिथेच सांगा. कारागिराच्या हातात दोरा असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. त्या दिवशीची तारीख आणि केलेलं काम एका चिठ्ठीवर लिहून गवसणीत ठेवा. पुढच्या खेपेला खरखर आली की ती चिठ्ठी आधी वाचा. घोडी शेवटची कधी घासली हे समोर असलं, की पुन्हा कानस मागण्याआधी हात आपोआप दोऱ्याकडे जाईल.