आकाशवाटांची जंक्शने

लातूर जिल्ह्यातील लातूर रोड किंवा परभणी जिल्ह्यातील पूर्णा ही रेल्वे-स्थानके तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. ही गावे काही फार मोठी नव्हेत. तरीही गाडी येऊन थांबताच फलाटावर माणसांची लगबग उडते. कोणी परळीकडे निघालेला असतो, कोणी बिदरकडे, तर कोणी अकोल्याच्या गाडीची वाट पाहत आपल्या सामानावर बसलेला असतो. यांतील पुष्कळांचे त्या गावात काहीच काम नसते. तेथे वाटा एकत्र येतात, म्हणून माणसे एकत्र येतात. एवढे ध्यानात ठेवले, म्हणजे जगातील मोठमोठे विमानतळ गजबजलेले का असतात, हे कळण्यास वेळ लागणार नाही.

आपल्या देशातील नियमित हवाई टपालवाहतूक ज्यांनी सुरू केली, त्या जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. त्या चिमुकल्या विमानात प्रवासी नव्हते. होत्या त्या टपालाच्या थैल्या. पुढे 1949 साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परत जात. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, म्हणून त्यास हा मान मिळाला.

या योजनेतील गणित मोठे मनोरंजक आहे. दहा शहरे एकमेकांस थेट जोडावयाची, तर पंचेचाळीस मार्ग लागतील. परंतु मध्ये एखादे ठिकाण निवडून तेथे सर्वांनी यावे असे ठरविले, तर केवळ दहा मार्गांत काम भागते. नागपूरने टपालासाठी जे केले, तेच आज दुबईसारखी शहरे प्रवाशांसाठी करीत आहेत.

परदेशी ये-जा करणाऱ्या प्रवाशांच्या संख्येत लंडनचा हीथ्रो विमानतळ अनेक वर्षे जगात पहिला होता. 2014 साली दुबईने त्यास मागे टाकले. 2024 साली दुबईच्या विमानतळाने सुमारे 9 कोटी 23 लक्ष प्रवासी हाताळले. यांतील पुष्कळांना दुबईत राहावयाचे नव्हते. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे निघालेला प्रवासी तेथे उतरतो, विमान बदलतो आणि पुढे जातो. पूर्णेच्या फलाटावरील प्रवाशाहून त्याची कथा वेगळी नाही. देशांतर्गत व परदेशी असे सर्व प्रवासी एकत्र मोजले, तर मात्र अमेरिकेतील अटलांटा पुढे जातो. त्याच वर्षी तेथे सुमारे 10 कोटी 80 लक्ष प्रवाशांची नोंद झाली.

1950 साली साऱ्या जगात वर्षभरात सुमारे 3 कोटी लोकांनी विमानप्रवास केला. 2019 साली हा आकडा सुमारे 450 कोटींवर गेला. दुसऱ्याच वर्षी करोनाच्या साथीने तो निम्म्याहूनही खाली आणला, आणि जगातील भव्य विमानतळ ओस पडले. पुढे साथ ओसरली, तसा प्रवाह पुन्हा वाढू लागला.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. गुरू गोविंदसिंह यांचे 1708 साली नांदेड येथे देहावसान झाले. त्यापूर्वी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपविले होते. या घटनेस 2008 साली तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या सोहळ्यानिमित्त नांदेडचा जुना विमानतळ नव्याने सिद्ध करण्यात आला आणि मुंबईस जाणारे विमान सुरू झाले. परंतु पुढे ती सेवा टिकली नाही. 27 एप्रिल 2017 रोजी केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानांत हैदराबाद–नांदेड या विमानाचा समावेश झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस नांदेड अमृतसरशी जोडले गेले. तरीही पुढील काळात या गावाने विमाने सुरू होताना पाहिली, तशी बंद पडतानाही पाहिली. लातूरचा विमानतळ 1991 साली बांधण्यात आला. पण प्रवासी विमानांची नियमित वर्दळ तेथे दीर्घकाळ रुजली नाही.

असे का व्हावे? विहीर कितीही चिरेबंदी बांधली, तरी झरा लागल्यावाचून तीत पाणी येत नाही, हे आपल्या भागातील मुलांना कोणी सांगावयास नको. विमान भरलेले असो की अर्धे रिकामे असो, वैमानिकाचे वेतन तेवढेच लागते आणि इंधनाचा खर्चही फारसा कमी होत नाही. लातूर-नांदेडच्या माणसाला मुंबईस नेणारी रात्रीची आगगाडी स्वस्त पडते. म्हणूनच ‘उडान’ योजनेत सुमारे निम्म्या जागांचे भाडे, तासाभराच्या प्रवासास सुमारे 2,500 रुपये, असे मर्यादित ठेवण्यात आले आणि तूट भरून काढण्यासाठी शासनाने काही वर्षे साहाय्य द्यावे असे ठरले. ते साहाय्य संपण्यापूर्वी प्रवासी वाढले, तरच मार्ग टिकतो.

तेव्हा विमानतळाची थोरवी इमारतीच्या झगमगाटावरून ठरवू नये. दुबईत विमान चुकले, तर काही तासांनी दुसरे मिळू शकते. नांदेडचे विमान बंद झाले, तर अमृतसरहून निघालेल्या वृद्ध यात्रेकरूला आगगाडीत दीड-दोन दिवस काढावे लागतात. जेथे वाटा थोड्या असतात, तेथे एकेका वाटेचे मोल अधिक असते.

स्वाध्याय

1. रात्रीच्या हवाई टपालासाठी नागपूर का निवडले गेले?
2. बारा शहरे थेट जोडण्यास किती मार्ग लागतील? मध्यवर्ती ठिकाणामार्गे किती लागतील?
3. ‘विहीर व झरा’ हा दृष्टान्त लेखात कशासाठी दिला आहे?
4. तुमच्या गावाहून जवळच्या जंक्शनपर्यंतच्या प्रवासाचे दहा ओळींत वर्णन करा.