नाणं हातात घेताना

१. आधी वजन, मग सौंदर्य. अथेन्सचं चार द्राखमांचं घुबडाचं नाणं सुमारे १७.२ ग्रॅम भरतं. दोन-तीन ग्रॅमची तूट दिसली की विकणाऱ्याची गोष्ट कितीही रंगतदार असो, मी ते खाली ठेवतो.

२. चित्र जुनाट दिसलं म्हणून कारागिराला नावं ठेवू नका. पार्थेनॉनचं मंदिर उभं राहिलं, शिल्पकला कुठच्या कुठे गेली, तरी नाण्यावरच्या अथेना देवीचा चेहरा बाजूने आणि डोळा मात्र समोरून, हे जुनं वळण चालूच राहिलं. ते मुद्दाम होतं. इजिप्तपासून सीरियापर्यंतचे व्यापारी तोच चेहरा, तेच घुबड ओळखून चांदी घेत; चेहरा बदलला असता तर पत गेली असती. ही चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींची, गुलामांनी उपसलेली. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे मोठं घबाड लागलं. नागरिक ते वाटून घ्यायच्या बेतात होते. थेमिस्टोक्लीस या नेत्याने त्यातून युद्धनौका बांधायला लावल्या. तीन वर्षांनी सलामिसच्या सागरी लढाईत इराणी आरमार बुडालं. पुढे याच अथेन्सने मित्रनगरांवर आपली नाणी आणि वजनं-मापं हुकमाने लादली. घुबड दिसतं गोंडस, पण वागणं सावकाराचं.

३. निव्वळ कला पाहायची तर सिसिलीतलं सिराक्यूज. तिथले किमोन आणि युऐनेतोस ठशावर स्वतःचं नाव कोरत. त्यांचं दहा द्राखमांचं नाणं सुमारे ४३ ग्रॅमचं: एका बाजूला डॉल्फिनांच्या घेऱ्यातली देवता, दुसऱ्या बाजूला चौघोडी रथ आणि त्याखाली मांडलेलं चिलखत. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या स्वारीचा धुव्वा उडवल्यानंतरच्या काळातली ही ऐट आहे. हे सगळं धातूत उलटं कोरायचं आणि मग हातोड्याने उठवायचं!

४. दोन नाणी अगदी तंतोतंत सारखी दिसली तर संशय घ्या. हाताने ठोकलेलं नाणं कुठेतरी सरकतंच; कधी घुबडाची शेपटी तुटते, कधी देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा.

५. छिन्नीचा घाव पडलेलं नाणं संग्राहक नाकारतात. मला तेच आवडतं. आत तांबं तर नाही ना, हे कुणीतरी पाहिलंय. इ.स.पू. ३७५ च्या अथेन्सच्या कायद्यानुसार बाजारात सरकारी पारखी बसे, तोही गुलामच. खोटं नाणं तो चिरून टाकी. कामात कसूर केली तर पन्नास फटके.

६. ग्रीस दूर आहे असं समजू नका. इंडो-ग्रीक राजा मिनँडरची ग्रीक आणि खरोष्ठी अक्षरांची नाणी भडोचच्या बाजारात पुढेही दीर्घकाळ चालली. त्याच वळणाची क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी: राजाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशी १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाला हरवल्यावर, त्याच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारलेला आहे.