द्वंद्वाचे खेळ आणि मुलींचे शिक्षण

खेळाच्या तासाला मुलगे मैदानाच्या मध्यभागी आणि मुली कडेला, हे दृश्य अनेक शाळांतून दिसते. मुलग्यांना कुस्ती व मुलींना फुगडी, अशी वाटणी कोणी ठरवून केलेली नसते. ती रूढीने होत जाते. पाचवीत धीटपणे धावणारी मुलगी सातवीत अंग चोरून उभी राहू लागते, त्याचे एक कारण या वाटणीत आहे. ज्या खेळांत दोन व्यक्ती बळाने व युक्तीने समोरासमोर भिडतात, त्यांना शारीरिक शिक्षणात द्वंद्वे म्हणतात. ती मुलींना शिकवावयाची की नाही, हा प्रश्न केवळ खेळाचा नसून समतेचाही आहे.

परत केलेले पदक

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. तोक्यो येथील उच्च अध्यापन विद्यालयाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. १८८२ साली त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली आणि १९२६ मध्ये तेथे स्त्रियांसाठी विभाग सुरू झाला. तथापि स्पर्धेचे मैदान स्त्रियांना पुढेही अनेक वर्षे बंदच राहिले.

१९५९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ज्युदोची एक सांघिक स्पर्धा झाली. एका संघातील खेळाडू जायबंदी झाल्यामुळे रस्टी नावाची तरुणी पुरुषाच्या वेषात मैदानात उतरली. तिने आपली लढत जिंकली व तिचा संघ विजयी झाला. नंतर ती स्त्री असल्याचे उघड होताच तिला पदक परत करावे लागले. तिच्या खेळात कोणताही दोष काढण्यात आला नव्हता. ती स्त्री होती, एवढेच कारण पुरेसे ठरले.

रस्टी कानोकोगी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या स्त्रीने खेळ सोडला नाही. १९८० साली न्यूयॉर्क येथे स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा तिने भरविली. त्यासाठी तिने आपले राहते घर गहाण ठेवले. १९८८ मध्ये सोल येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा ज्युदो प्रात्यक्षिक म्हणून आला आणि १९९२ मध्ये बार्सिलोना येथे त्याला पदकांचा दर्जा मिळाला. २००९ साली, पन्नास वर्षांनी, तिचे पदक तिला सन्मानाने देण्यात आले.

आपल्या देशातील उदाहरणे

स्त्रियांच्या कुस्तीला ऑलिंपिकचे दार २००४ साली अथेन्स येथे उघडले. हरियाणातील रोहतक जिल्ह्याच्या साक्षी मलिक यांनी वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास कुस्तीचे धडे घेण्यास आरंभ केला. २०१६ साली रिओ येथे कांस्यपदकाच्या लढतीत त्या ०-५ अशा मागे होत्या. अखेर ती लढत त्यांनी ८-५ अशी जिंकली. कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. महाराष्ट्रात २०२३ साली सांगली येथे महिलांसाठी पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी यांनी ती गदा पटकावली. बारा वर्षे हे आपल्या सहावी-सातवीच्या मुलींचेच वय होय, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

शाळेत काय करता येईल

१. आरंभ पडण्याच्या शिक्षणाने करावा. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि तळहात जमिनीवर सपाट, या रीतीने मऊ मातीवर किंवा गादीवर पडावयास शिकवावे. पडण्याचे भय गेले की निम्मे धैर्य येते.

२. जोड्या समान वजनाच्या व समान उंचीच्या असाव्यात. रेटारेटी, हातओढ, वर्तुळाबाहेर ढकलणे एवढीच द्वंद्वे प्रारंभी घ्यावीत. मान आवळणे व उचलून फेकणे शाळेत वर्ज्य समजावे.

३. नखे कापलेली असावीत. बांगड्या व कानांतील दागिने काढून ठेवावेत.

४. जमिनीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोन थापा मारताच पकड तत्काळ सोडावी, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. जी मुलगी थाप मारते ती हरत नाही. आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे, हे ती सांगत असते. जी पकड सोडते ती संयम शिकते. हा नियम मुलग्यांनाही तितक्याच कटाक्षाने शिकवावा.

५. मासिक पाळीच्या दिवसांत भाग घेणे वा न घेणे मुलीच्या इच्छेवर सोपवावे. सक्ती नको, तशी बंदीही नको.

६. पालकांची संमती आधी घ्यावी. पहिल्या पाठास मातांना बोलवावे. शक्यतो शिक्षिका उपस्थित असावी.

या शिक्षणाने प्रत्येक मुलगी मल्ल होईल असे नाही. तसा हेतूही नाही. ताठ मानेने उभे राहणे, पडल्यावर उठणे आणि नको असेल तेथे स्पष्टपणे ‘थांब’ म्हणणे, एवढे जरी ती शिकली तरी खेळाचा तास सत्कारणी लागला असे समजावे. कानोकोगी यांना आपल्या पदकासाठी पन्नास वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या शाळेतील मुलीला मैदानाच्या मध्यभागी येण्यासाठी पुढच्या तासापलीकडे वाट पाहावयास लावू नये.